जुन्या मोटारगाड्यांतील इंजिनाची आग : कारणमीमांसा आणि प्रतिबंध

पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या मोटारगाड्या आपल्या देशात आजही मोठ्या निगुतीने जतन केल्या जातात. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार-वाहन नियमांत दुरुस्ती करून अशा गाड्यांची एक स्वतंत्र श्रेणी निर्माण केली आणि त्यांच्या नोंदणी-क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे योजिली. या नियमांप्रमाणे गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे आणि तिचा नित्य किंवा व्यापारी वापर करता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे व देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. या तरतुदीचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. तो असा की, नियमाप्रमाणे वागणारी जुनी गाडी वर्षातील बहुतेक काळ उभीच असते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य याच गोष्टीशी निगडित आहे. जुन्या गाडीच्या इंजिनाला आग लागण्याचा धोका ती किती मैल धावली यापेक्षा तिच्या इंधनमार्गातील रबर व सांधे किती वर्षांचे झाले, आणि त्या काळात ते किती वेळा भिजून पुन्हा सुकले, यावर अधिक अवलंबून असतो. हे एकदा मान्य केले म्हणजे प्रतिबंधाचे उपाय व त्यांचा क्रम आपोआप स्पष्ट होऊ लागतो.

१. इंधनाचे बाष्प

आग लागण्यास इंधन, हवा आणि प्रज्वलनाचे साधन या तीन गोष्टींचा संयोग लागतो, हे सर्वश्रुत आहे. यांपैकी हवा सर्वत्र आहे. प्रज्वलनाचे साधन तर इंजिनाचा अविभाज्य भागच होय. तेव्हा आपल्या हाती खऱ्या अर्थाने राहते ती एकच गोष्ट, ती म्हणजे इंधनाला त्याच्या मार्गाबाहेर पडू न देणे.

पेट्रोलचे बाष्प शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियस तापमानालाही पेट घेण्याइतके जमते. हवेत या बाष्पाचे घनफळी प्रमाण साधारणतः १.४ टक्के ते ७.६ टक्के यांच्या दरम्यान असले, की ते मिश्रण ज्वालाग्राही असते. आता एक सोपे गणित करून पाहू. १५ मिलिलिटर, म्हणजे मोठा चमचाभर पेट्रोल सांडले असे समजू. त्याचे वजन सुमारे ११ ग्रॅम भरते. पेट्रोलचा सरासरी रेणुभार १०० धरला, तर ३० अंश तापमानाला त्याचे जवळजवळ २.७ लिटर बाष्प होते, आणि एवढे बाष्प सुमारे २०० लिटर हवा ज्वालाग्राही करण्यास पुरेसे असते. लहान गाडीच्या इंजिनाचा कप्पा याहून फारसा मोठा नसतो. शिवाय हे बाष्प हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे ते वर निघून जात नाही, तर खोलगट भागांत साचून राहते.

अशा मिश्रणाला पेटवण्यास लागणारी ऊर्जाही अत्यल्प असते. एका मिलिज्यूलचा चतुर्थांश पुरतो. उलट प्रज्वलन-मंडलातील एका ठिणगीत वीस ते पन्नास मिलिज्यूल ऊर्जा असते. म्हणजे ठिणगीची वायर कोठे उसवलेली असेल आणि तेथून ठिणगी बाहेर उडत असेल, तर ती गरजेच्या शंभर पटींच्या आसपास समर्थ ठरते.

आगीचे सामर्थ्यही मोजता येते. मिनिटाला १०० मिलिलिटर एवढी गळती पेटली, तर त्यातून सुमारे ५५ किलोवॉट उष्णता निर्माण होते. दोन किलोवॉटच्या सत्तावीस विद्युत-शेगड्या एकाच वेळी पेटवाव्यात, तसा हा प्रकार होय. पंप चालू असेपर्यंत या आगीला इंधन मिळतच राहते.

२. रबरी नळीचे वार्धक्य

टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या मार्गात बहुतांशी धातूची नळी असते. परंतु इंजिन थरथरते आणि गाडीचा सांगाडा स्थिर असतो; म्हणून या दोहोंमध्ये लवचिक रबरी नळीचा तुकडा घालावाच लागतो. संपूर्ण मार्गातील सर्वांत दुर्बल स्थान ते हेच.

गेल्या शतकाच्या मध्यापासून या नळ्यांसाठी प्रायः नायट्राइल रबर वापरले जाते. ते लवचिक राहावे म्हणून त्यात काही मृदुकारी द्रव्ये मिसळलेली असतात. पेट्रोलचा संपर्क होताच दोन क्रिया एकदम सुरू होतात. पेट्रोल रबरात शिरते व ते फुगते. त्याच वेळी मृदुकारी द्रव्ये हळूहळू पेट्रोलमध्ये विरघळून निघून जातात. नळी सतत भिजलेली असेल, तोपर्यंत ही हानी बाहेरून जाणवत नाही, कारण निघून गेलेल्या द्रव्याची जागा पेट्रोलने घेतलेली असते. गाडी काही महिने उभी राहिली, की ते पेट्रोल उडून जाते. मग रबर आक्रसते, कडक होते आणि त्याला आतून तडे जातात. नळीचे टोक जेथे धातूच्या तोंडावर आवळलेले असते, तेथील पकडही सैल पडते. पुढे एखाद्या दिवशी गाडी पुन्हा चालू केली जाते, पंपाचा दाब येतो आणि नळी नेमकी त्या दिवशी गळते. दीर्घ विश्रांतीनंतरचा पहिला प्रवास धोक्याचा का असतो, याचे स्पष्टीकरण या क्रमात आहे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्याने हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. भारतात जून २०२२ मध्ये सरासरी १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत तेच देशभर सर्वसाधारण झाले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांचा या धोरणाशी निकटचा संबंध आहे. धोरणाच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. जुन्या रबरावर त्याचा परिणाम काय होतो, एवढेच पाहावयाचे आहे.

द्रव आणि रबर यांचे विद्राव्यता-गुणक जितके जवळ, तितके रबर त्या द्रवात अधिक फुगते. मेगापास्कलच्या वर्गमुळाच्या एककात पेट्रोलचा हा गुणक सुमारे १५ ते १६, नायट्राइल रबराचा १९ ते २० आणि इथेनॉलचा २६ आहे. नायट्राइल रबराचे स्थान या दोन द्रवांच्या मधोमध आहे. त्यामुळे निव्वळ पेट्रोल किंवा निव्वळ इथेनॉल त्याला जेवढे फुगवते, त्याहून त्या दोहोंचे मिश्रण त्याला अधिक फुगवते. मृदुकारी द्रव्ये निघून जाण्याचा वेगही त्याबरोबर वाढतो. पन्नास वर्षांपूर्वीची नळी ज्या इंधनासाठी बनवली गेली, ते इंधन आता मिळत नाही, हा या विवेचनाचा व्यावहारिक अर्थ होय.

इथेनॉलचे आणखी दोन परिणाम ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिला असा की, इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी यांचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो आणि पत्रा गंजतो. हा गंज पुढे कोठे जातो, ते चौथ्या विभागात पाहू. दुसरा परिणाम ज्वलनाचा आहे. एक भाग पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने १४.७ भाग हवा लागते. २० टक्के मिश्रणास सुमारे १३.५ भागच पुरते. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट पूर्वीच्या प्रमाणासाठी आखलेले असल्याने मिश्रण विरळ होते, आणि विरळ मिश्रणात ज्वाला उलट कार्ब्युरेटरच्या मुखातून बाहेर येण्याची शक्यता वाढते. हवा-गाळणी जागेवर असेल, तर ती या ज्वालेला अडवते. शोभेसाठी किंवा आवाजासाठी गाळणी काढून ठेवणारे लोक हा एक संरक्षक पडदाच दूर करीत असतात.

३. एक उदाहरण : फोक्सवागन बीटल

या सर्व कारणांचा मेळ एकाच ठिकाणी पाहावयाचा असेल, तर जर्मनीच्या फोक्सवागन बीटल या गाडीइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल. १९३८ मध्ये सुरू झालेले तिचे उत्पादन ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे थांबले; तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. रचनेच्या साधेपणामुळे ती जगभर जतन केली जाते, आणि इंजिनाच्या आगीसाठीही जुन्या गाड्यांच्या चाहत्यांत ती परिचित आहे.

बीटलची टाकी पुढे आणि हवेने थंड होणारे इंजिन मागे असते. पेट्रोलची धातूची नळी गाडीच्या मधल्या बोगद्यातून मागे येते, तेथून रबरी तुकड्याने इंजिनावरील पंपाला जोडली जाते, आणि पंपातून पुन्हा एका नळीने कार्ब्युरेटरकडे जाते. पंप आणि डिस्ट्रिब्युटर एकमेकांपासून वीतभराच्या आत आहेत. शिवाय जुन्या गाड्यांतील डायनॅमोच्या ब्रशांवर ठिणग्या उडत असतात आणि त्याच्या दांड्यावर बसवलेला पंखा कप्प्यातील हवा जोराने ओढून घेत असतो. अशा ठिकाणी गळलेले पेट्रोल ठिणगीपर्यंत पोहोचण्यास विलंब लागत नाही.

या गाडीत चार दुर्बल स्थाने विशेष तपासण्यासारखी आहेत. पहिले स्थान रबरी नळ्यांचे. मूळ नळ्यांवर सुती विणीचे आवरण असते. त्यामुळे आतल्या रबराला गेलेले तडे डोळ्यांना दिसत नाहीत आणि नळी धडधाकट असल्याचा भास होतो. दुसरे स्थान इंजिनाच्या पुढील पत्र्यातील छिद्राचे. धातूची नळी या छिद्रातून जाते व तिच्याभोवती रबरी कडे असते. ते गळून पडले, तर पत्र्याची धार थरथरीबरोबर नळीला कापीत जाते.

तिसरे स्थान कार्ब्युरेटरच्या झाकणात दाबून बसवलेल्या पितळी तोंडाचे. झाकण जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते, आणि जस्त तापल्यावर पितळेपेक्षा अधिक प्रसरण पावते. इंजिन तापले की छिद्र तोंडापेक्षा अधिक मोठे होते व पकड सैल पडते. हजारो वेळा तापून-निवून व थरथरून एखादे दिवशी ते तोंड नळीसकट बाहेर येते, आणि पंप उघड्या नळीतून तप्त इंजिनावर पेट्रोल ओतू लागतो. हे तोंड आटे पाडून पक्के बसवणे हा यावरील खात्रीचा उपाय होय.

चौथे स्थान मालकांनी स्वतः निर्माण केलेले आहे. पंप आणि कार्ब्युरेटर यांच्या दरम्यान प्लास्टिकची किंवा काचेची लहान गाळणी बसवण्याची प्रथा रूढ झाली आहे. तिने दोन सांधे वाढतात, तिचा भार त्या सैल होणाऱ्या पितळी तोंडावर लोंबकळतो, आणि हे सर्व पंपाच्या दाबाच्या बाजूला घडते. गाळणी हवीच असेल, तर ती इंजिनाच्या कप्प्याबाहेर, टाकीकडील बाजूस असावी.

या इंजिनाचे मुख्य कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे, ही गोष्ट प्रकरण आणखी गंभीर करते. पेट्रोलची आग लवकर विझली नाही, तर हे कवचच पेट घेते. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकल्यास हायड्रोजन निर्माण होऊन आग भडकते. म्हणून बीटलच्या बाबतीत पहिला अर्धा मिनिट निर्णायक समजला पाहिजे.

४. गळतीची इतर स्थाने

इतर जुन्या गाड्यांत तपशील बदलतो, तत्त्व तेच राहते. कार्ब्युरेटरच्या तरंगपात्रात पेट्रोलची पातळी राखण्यासाठी तरंगक व सुईची झडप असते. टाकीत सुटलेला गंजाचा कण या सुईखाली अडकला, की झडप मिटत नाही. पात्र भरून वाहू लागते आणि पेट्रोल इंजिनावर ओघळते. तळाशी साचलेले पाणी, त्याने धरलेला गंज, गंजाचा कण, उघडी राहिलेली झडप आणि शेवटी आग, अशी ही कारणपरंपरा आहे. तिचे मूळ टाकीत असल्याने केवळ कार्ब्युरेटर साफ करून भागत नाही.

यांत्रिक पंपातील रबरी पडदा फाटला, तर पेट्रोल एकतर बाहेर ठिबकते, नाहीतर इंजिनाच्या तेलात उतरते. तेलाची पातळी न भरता वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास येऊ लागला, तर गाडी चालवू नये. यांत्रिक पंपाचा एक गुण असा की, इंजिन थांबताच तो थांबतो. त्याच्या जागी विद्युत-पंप बसवल्यास हा गुण नाहीसा होतो. अपघातात इंजिन बंद पडले तरी चावी चालू असेपर्यंत पंप तुटलेल्या नळीतून पेट्रोल टाकीत राहतो. म्हणून अशा पंपाच्या मंडलात धक्क्याने तुटणारा अथवा तेलाचा दाब जाताच उघडणारा स्विच असणे आवश्यक आहे.

पेट्रोलइतकेच लक्ष इंजिन-तेलाच्या गळतीकडेही द्यावयास हवे. पेट्रोलचे स्वयंप्रज्वलन तापमान प्रयोगशाळेत २५० ते २८० अंश भरते खरे. परंतु उघड्या हवेत, तप्त धातूवर पडलेले पेट्रोल पेटण्यापूर्वीच उडून जाते, आणि त्याला केवळ उष्ण पृष्ठावर पेटण्यास याहून पुष्कळ अधिक तापमान लागते. तेल सहजासहजी उडत नाही. ते एक्झॉस्टच्या नळीवर रेंगाळते, तापत राहते व अखेरीस पेटते. थोडक्यात, ठिणगीने पेटण्यात पेट्रोल पुढे, तर तप्त पृष्ठावर पेटण्यात तेल पुढे असते.

५. विद्युत-मंडल

बारा व्होल्टची बॅटरी स्पर्शाला निरुपद्रवी असते. त्यामुळे ती आगीच्या दृष्टीनेही निरुपद्रवी आहे, असा समज होतो. तो चुकीचा आहे. बॅटरीची जाड वायर सांगाड्याला टेकली आणि एकंदर रोध ०.०३ ओहम असला, तर ४०० अँपिअर प्रवाह वाहतो व ४.८ किलोवॉट उष्णता निर्माण होते. वायरीचे वेष्टन काही क्षणांत पेटते. जुन्या गाड्यांत फ्यूज मोजकेच असत, आणि मुख्य वायरीला तर फ्यूज नसेच.

याच्या उलट दोष सैल किंवा गंजलेल्या जोडाचा. अशा जोडाचा रोध अर्धा ओहम असेल व त्यातून १० अँपिअर प्रवाह जात असेल, तर त्या एका बिंदूवर ५० वॉट उष्णता साचत राहते. येथे प्रवाह वाढत नसल्यामुळे फ्यूज जात नाही, आणि जोड मात्र लाल होतो. इंजिन बंद असता चावी चालू ठेवण्याची सवयही अशीच घातक आहे. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट मिटलेल्या स्थितीत असतील, तर तीन ओहमच्या कॉइलमधून चार अँपिअर प्रवाह अखंड वाहतो आणि ४८ वॉट उष्णतेने ती तापत जाते.

बीटलची बॅटरी मागील आसनाखाली असते. तिच्यावरचे झाकण हरवले असेल आणि वर वजनदार माणूस बसला, तर आसनाच्या स्प्रिंगा बॅटरीच्या अग्रांना टेकून आसनातील भरण पेटते. इंजिनाशी संबंध नसलेली ही आग एका साध्या झाकणाने टळते.

६. प्रतिबंधाचा क्रम

वरील विवेचनावरून उपायांचा अग्रक्रम असा लागतो. सर्वप्रथम इंधनमार्गातील सर्व रबरी नळ्या बदलाव्यात, आणि पुढे त्या कशाही दिसत असल्या तरी दर चार-पाच वर्षांनी बदलत राहाव्यात. बसवल्याची तारीख लिहून ठेवावी. नळी निवडताना केवळ ‘पेट्रोलसाठी योग्य’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. आतले अस्तर फ्लोरोकार्बन रबराचे असलेली, एसएई जे३० आर९ या प्रमाणाची नळी इथेनॉल-मिश्रणासाठी अधिक विश्वसनीय आहे. क्लिप आतून गुळगुळीत व नळीच्या मापाची असावी. खाचांची क्लिप जादा आवळली, तर ती नळीलाच कापते.

त्यानंतर टाकी धुऊन आतील गंज तपासावा, तरंगपात्राची झडप व पंपाचा पडदा पाहावा, पितळी तोंडे हाताने हलवून बघावीत. तिसऱ्या क्रमाने विद्युत-मंडलाकडे वळावे. मुख्य प्रवाह तोडणारा स्विच बॅटरीजवळ बसवावा आणि गाडी उभी करताना तो नेहमी उघडावा. शेवटी तेलाची गळती बंद करून इंजिन स्वच्छ ठेवावे, कारण स्वच्छ इंजिनावरच नवी गळती दिसते.

दीर्घ काळ उभ्या असलेल्या गाडीसाठी एक स्वतंत्र शिस्त पाळावी. इंजिन चालू करण्यापूर्वी सर्व नळ्या वाकवून पाहाव्यात. चालू केल्यावर झाकण उघडे ठेवून, विझवण्याचे साधन हाताशी घेऊन, पाच मिनिटे प्रत्येक सांधा न्याहाळावा. गाडी त्यानंतरच बाहेर काढावी. पेट्रोलचा वास हा जुन्या गाडीचा स्वभावच असतो, ही समजूत सर्वस्वी त्याज्य होय. वास म्हणजे बाष्प, आणि बाष्प म्हणजे गळती.

७. आग लागल्यानंतर

एवढे करूनही आग लागलीच, तर प्रथम चावी बंद करावी आणि सर्वांना गाडीबाहेर दूर न्यावे. इंजिनाचे झाकण एकदम पूर्ण उघडू नये, कारण त्याने आगीला भरपूर हवा मिळते. फटीतून अथवा जाळीतून विझवण्याचे द्रव्य आत सोडावे. कोरड्या पावडरीचे दोन किलोचे उपकरण चालकाच्या हाताशी असावे. ते काही सेकंदांतच रिकामे होते, हे आधीपासून ठाऊक असले पाहिजे. कार्बन डायऑक्साइड मागे काही ठेवीत नाही, पण उघड्या वाऱ्यात लवकर विरून जातो व धातू तापलेला असल्यास आग पुन्हा पेटते. पावडर आग दडपते, मात्र ती नंतर धुऊन न काढल्यास धातू खाते. एका उपकरणाने आग आटोक्यात आली नाही, तर माघार घ्यावी आणि अग्निशामक दलास पाचारण करावे. गाडीपेक्षा माणूस मोलाचा, याविषयी तेथे विचार करीत बसण्याची वेळ येऊ नये.

८. मूळ स्वरूपाचा प्रश्न

जुन्या गाड्यांचे जतन करणाऱ्यांना नळी किंवा वायर बदलणे हा मूळ स्वरूपाचा भंग वाटतो. या आक्षेपाचा विचार आवश्यक आहे, कारण बऱ्याच गाड्यांतील जुन्या नळ्या याच आस्थेपायी तशाच राहिलेल्या असतात. २०२१ च्या नियमांना जो बदल अमान्य आहे, तो सांगाडा, बाह्यकवच व इंजिन यांतील मोठा फेरफार होय. रबरी नळी त्यात मोडत नाही. टायर, ब्रेकचे रबर आणि पंख्याचा पट्टा यांच्याप्रमाणे ती झिजण्यासाठीच असते, आणि गाडी नवी असतानाही ती बदलली जाणे तिच्या निर्मात्यांना अभिप्रेत होते. ज्यांना बाह्य रूपाचा आग्रह आहे, त्यांना विणीच्या आवरणाची पण आतून फ्लोरोकार्बन अस्तराची नळी वापरता येते.

जतनाचा हेतू वस्तू पुढील पिढीच्या हाती सोपवणे हा असेल, तर त्या वस्तूतील कोणता भाग टिकवावयाचा आणि कोणता बदलत राहावयाचा, याचा विवेक हाच जतनशास्त्राचा पाया ठरतो. इंजिनाचे ओतकाम टिकवण्यासाठी नळी बदलावी लागते. ती न बदलल्यास आगीत दोन्ही जातात.